पत्रा अजून साच्यातच आहे

दौलत सुखदेव रामटेके. प्रेस शॉपमधले, म्हणजे पत्रे दाबणाऱ्या विभागातले, सीनियर ऑपरेटर. दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. भोपाळमधल्या आमच्या सरकारी कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली. तिथे या माणसाला बूट काढायला लावले. मग मोजे काढायला लावले. मग जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर उभं केलं.

वर्तमानपत्र अंथरणारे हात माझे होते.

आणि दौलत रामटेके माझे बाबा.

हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत दाबून ठेवलं असतं तर तुम्ही माझी कीव केली असती. कीव नको. माझा गुन्हा आधी ऐका, मग त्यांचा.

मी कारखान्याच्या टाउनशिपमध्येच जन्मले. बाबा भंडाऱ्याकडून इथे नोकरीला आले. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. आमच्या टाउनशिपमध्ये माणसाची किंमत क्वार्टरच्या टाइपावरून कळते, विचारावं लागत नाही. इंजिनियरिंग झालं आणि त्याच कारखान्यात मला वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळाली. डिझाइन ऑफिसात, सिम्युलेशनच्या खोलीत. घरी पेढे वाटले. आणि पहिल्याच दिवशी मी खोटं बोलले.

विभागाचे साहेब पुण्याचे. मराठी मुलगी आली म्हणून खूश झाले. "वा, वा. आडनाव काय म्हणालात?"

मी माझं नाव सांगितलं आणि पुढे आडनाव म्हणून बाबांचं. दौलत.

"दौलत? कुठले तुम्ही?"

"नागपूरकडचे, सर."

"तिकडे असतं का हे आडनाव?"

"असतं, सर."

आम्ही बौद्ध आहोत. घरात दीक्षाभूमीवरून आणलेला फोटो आहे. त्या फोटोखाली बसून मी अभ्यास केला, आणि एका साहेबाच्या एका प्रश्नाला घाबरून आडनाव गिळलं. राहायला कुठे, तर टाउनशिपबाहेर कोलार रोडला मावशीकडे, असं ठोकून दिलं. मावशी कोलार रोडला नाहीच. खरे कागद पर्सनल ऑफिसात होते, साहेबांनी ते कधी मागवले नाहीत. बाबांना रात्री हे सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "वर्षाचा तर प्रश्न आहे. सही होऊ दे त्याची."

सही म्हणजे वर्षाच्या शेवटी साहेबांनी करायची सही. ती चांगली झाली तर कायम नोकरीची आशा. आमचं अख्खं घर त्या एका सहीकडे डोळे लावून बसलं होतं.

आता खोलीबद्दल. फार पूर्वी कॉम्प्युटर नवे आले तेव्हा धुळीच्या भीतीनं सगळेच बूट बाहेर काढायचे. मोठे साहेबसुद्धा. दारावर पाटी होती, "जूते बाहर उतारें". पुढे मशीन बदलली, धुळीची भीती गेली, पाटी तेवढी राहिली. साहेब लोक बूट घालून आत यायला लागले. पाटी उरली शॉपमधून येणाऱ्यांसाठी. त्यांच्यातही फरक होता. फोरमन मिश्राजी मोज्यांनिशी गालिच्यावरून आत यायचे, खुर्चीवर बसायचे, चहा घ्यायचे. त्यांचेही मोजे तेलाचेच होते. मी पाहिलेत.

त्या खोलीत आम्ही काय करायचो? पत्रा प्रेसमध्ये दाबला की त्याचा आकार कसा येईल, कुठे फाटेल, कुठे सुरकुती पडेल, हे पत्रा न वापरता आधीच स्क्रीनवर बघायचं. पत्र्याचे हजारो बारीक चौकोन पाडायचे. वरचा साचा खाली येताना प्रत्येक चौकोन किती ताणला गेला याचं गणित कॉम्प्युटर करतो. एक गणित दिवस-दीड दिवस चालायचं. शेवटी रंगीत चित्र यायचं. निळं म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे धोका.

साहेबांना निळं फार आवडायचं.

बाबांची पद्धत वेगळी होती. पत्र्याचा नवा लॉट आला की ते कोपऱ्यातून एक पट्टी कापायचे. जुन्या छोट्या प्रेसवर ती काटकोनात वाकवायचे आणि प्रेस वर न्यायचे. पट्टी थोडी उघडायची. किती उघडली ते मोजायचे आणि तो आकडा निळ्या खडूनं लॉटच्या वरच्या पत्र्यावर लिहायचे. तो आकडा बघून साचे बनवणारे टूलरूमवाले साचा तेवढा जास्त वाकवून घ्यायचे. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. बाबांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं, त्यांनी पुढच्यांना शिकवलं.

"पत्रा वापस येतो, पोरी," बाबा म्हणायचे. "किती वापस येतो ते त्यालाच विचाराव लागते."

कॉलेजात मी याच गोष्टीवर पानंच्या पानं लिहून मार्क मिळवले होते. धातू वाकवला की त्यातलं काही वाकणं कायमचं असतं आणि काही नुसतं दाबून धरलेलं. दाब काढला की दाबून धरलेलं परत जातं. पहिल्याला प्लास्टिक म्हणतात, दुसऱ्याला इलास्टिक. दाब असेपर्यंत दोन्ही सारखीच दिसतात.

साहेबांनी खडू बंद केला. "हा खडूचा कारभार आता पुरे." विजेच्या मोठ्या मोटरींवर बसणाऱ्या वक्र झाकणांचं नवं काम आलं होतं. पत्रा नवा, आधीपेक्षा पातळ आणि कडक. पट्टी नाही, चाचणी नाही. स्क्रीनवरचा आकार थेट गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात गेला आणि तिथून साचा बनून आला. ते गणित मी चालवलं होतं. साचा पूर्ण मिटला, चित्र निळं आलं, आणि साहेब म्हणाले, "बस. थांबवा इथेच."

मी विचारलं, "सर, प्रेस वर नेऊन पत्रा मोकळा करायची पायरी?"

"नंतर बघू. गुरुवारी प्रेझेंटेशन आहे."

मी पुन्हा विचारलं नाही. सही डोक्यात होती.

पहिलं झाकण प्रेसमधून निघालं ते चारी कोपऱ्यांत बोटभर उघडं. दुसरं तसंच. तिसरं, चौथं तसंच. साहेबांनी निदान केलं. कॉम्प्युटरमध्ये आकार बरोबर आहे, म्हणजे चूक प्रेसवर आहे. म्हणजे ऑपरेटरनं पूर्ण दाब दिलेला नाही. नोटीस द्यायची. पण त्याआधी ऑपरेटरला बोलवा, त्याला स्क्रीनवर त्याची चूक दाखवू.

म्हणून तो सोमवार.

बाबा दारात आले. बूट आधीच काढलेले. आत साहेब, दोन इंजिनियर, मिश्राजी आणि मी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमचं तसं ठरलेलं होतं.

"अरे, थांबा, थांबा," साहेब म्हणाले. "मोजे पण काढा. तेल आहे त्यांना."

बाबा उंबऱ्यात एका पायावर उभे राहिले. मोजे काढले. साठीला आलेला माणूस एका पायावर.

साहेब माझ्याकडे वळले. "जरा पेपर टाका हो खाली. गालिचा आत्ताच धुतलाय."

टेबलावर आदल्या दिवशीचा पेपर होता. मी उचलला, दाराशी गेले, वाकले. पान सरळ पडेना, पंख्याच्या वाऱ्यानं कोपरा उडत होता. बाबा खाली वाकले आणि त्यांनी तो कोपरा धरला.

"राहू द्या मॅडम, मी टाकतो."

मॅडम.

माझ्या बापानं मला मॅडम म्हटलं. मी पेपर टाकला आणि जाग्यावर येऊन बसले. बाबा अनवाणी त्या पेपरावर उभे राहिले. गालिचा, पेपर, बाबा. समोर मिश्राजी खुर्चीत बसलेले, पायात मोजे, हातात चहा.

साहेबांनी स्क्रीन वळवली. "हे बघा, रामटेके. हा तुमचा पत्रा. हा ड्रॉइंगमधला आकार. आहे का कुठे फरक?"

बाबा लांबूनच बघत होते. पेपर सोडून पुढे जायची सोय नव्हती. थोडा वेळ बघून म्हणाले, "साहेब, प्रेस वर गेलेली नाही."

"काय?"

"वरचा साचा अजून खालीच दिसते ना. पत्रा अजून साच्यातच हाये. साच्यात तर कोणताही पत्रा बरोबरच दिसन."

एका नजरेत. त्या खोलीत चार पदव्या होत्या, त्यातली एक माझी. आणि चूक पकडली पेपरावर उभ्या केलेल्या माणसानं.

साहेब इतरांकडे बघून म्हणाले, "घ्या. आता रामटेके आपल्याला सिम्युलेशन शिकवणार."

एक इंजिनियर म्हणाला, "सर, अगला सेमिनार इन्हीं से करवा लेते हैं."

सगळे हसले. मीही हसले. थोडंसं. नुसत्या ओठांनी. पण हसले.

हे लिहायला मला फार दिवस लागले. हे पत्रक छापणारे आमच्या संघटनेतले साथी म्हणाले, हसण्याचं वाक्य काढून टाक, पत्रकात शोभत नाही. नाही काढणार. ते काढलं तर हे पत्रकही त्यांच्या निळ्या चित्रासारखंच होईल.

संध्याकाळी घरी बाबा नेहमीसारखे नळाखाली हात घासत होते. आईला काही माहीत नव्हतं. ती पोळ्या लाटत होती. मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले.

तेच म्हणाले, "पेपर कालचा होता. माझा वाचून झालेला."

मला रडू आलं. मी म्हटलं, "बाबा, मला हाक का नाही मारली? मुलगी आहे माझी, असं का नाही सांगितलं?"

त्यांनी नळ बंद केला. "तू मारायची ना हाक. तू मारली असती तर मी ओ दिली असती."

एवढंच बोलले. जेवले आणि झोपले. मी मात्र त्या वाक्याखाली दाबली गेले ती उठलेच नाही.

बुधवारी नोटीस आली. "पूर्ण दाब न दिल्याने चार नग निकामी." बाबांची निवृत्ती पाच महिन्यांवर. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक डाग नाही. प्रेस शॉपमधले लोक साहेबांची घड्याळं चुकीची मानतील, बाबांचा हात नाही. तोच हात आता कागदावर कामचुकार ठरला. निवृत्तीच्या दिवशी ही नोटीस फाईलवर असेल तर ती कायमची राहणार. बाबांना दुसरं काही मिळवायचं उरलं नव्हतं. एक नाव होतं.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात न जाता सरळ प्रेस शॉपमध्ये गेले. इतक्या महिन्यांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं, कुणी ओळखेल म्हणून. मोठ्या प्रेसचा आवाज चालू. दारात उभी राहिले आणि ओरडले, "बाबा!"

आवाजात आवाज बुडाला. पुन्हा ओरडले. "बाबा!"

प्रेसशी उभे असलेले बाबा वळले. "ओ!"

सगळी शॉप बघायला लागली. मिश्राजी धावत आले. "रामटेके, ये आपकी बिटिया है?"

"हाँ साहब. इंजीनियर है."

मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलं. पेपर त्यांनाही आठवला असणार. खाली बघून निघून गेले.

मी बाबांना म्हटलं, "पट्टी कापून द्या. त्याच लॉटची."

त्यांनी कापली. जुन्या प्रेसवर वाकवली, सोडली. पट्टी उघडली. नेहमीच्या पत्र्याच्या दुपटीनं उघडली. बाबांनी खिशातून निळा खडू काढला. बंद केलेला खडू त्यांच्या खिशात होताच. आकडा लिहिला. मी तो वहीत उतरवला.

मग खोलीत जाऊन जिथे थांबवलं होतं तिथून गणित पुढे चालवलं. वरचा साचा वर नेला आणि पत्रा मोकळा सोडला. कुणाची परवानगी घेतली नाही. शुक्रवारी दुपारी चित्र आलं. झाकण चारी कोपऱ्यांत बोटभर उघडलेलं, हुबेहूब शॉपमध्ये पडलेल्या चार नगांसारखं. प्रेसवर पूर्ण दाब दिला तरी उघडणारच होतं. जास्त दाबलं असतं तरी उघडणारच होतं. साचाच कमी वाकवलेला होता. पट्टीचा कोन कॉम्प्युटरवर काढून पाहिला, बाबांच्या खडूच्या आकड्याला लागून आला.

चित्र छापलं आणि साहेबांसमोर ठेवलं.

त्यांनी पाहिलं. माणूस हुशार होता, लगेच कळलं त्यांना. चष्मा काढला, दार लावून घेतलं.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही, सर."

"बरोबर आहे तुमचं. ती पायरी राहिली. पण रिपोर्ट वर गेलाय, आता मागे कसा घेणार? पुढच्या साच्यात दुरुस्त करू."

"आणि नोटीस, सर?"

"अहो, नोटिशीनं काय होतं? ऑपरेटर आहे तो. त्या लोकांना सवय असते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं वर्ष संपत आलंय. मी चांगलं लिहिणार आहे. उगाच कशाला?"

सवय असते.

हो, होती. त्या सोमवारी मीच तर ती सवय दाखवली होती, वाकून, पेपर अंथरून.

मी म्हटलं, "सर, पहिल्या दिवशी तुम्ही आडनाव विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. रामटेके. ते माझे वडील आहेत. हे चित्र मी चौकशीत देणार आहे."

साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना माझ्या खोट्याचा राग आला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं ते इतक्या महिन्यांत आमचं एका टेबलावर जेवणं. मला तो हिशोब दिसत होता. डबा, चमचा, पाण्याची बाटली.

"तरीच," ते म्हणाले.

त्या एका शब्दात सगळं आलं. तरीच.

चौकशी झाली. मी चित्र दिलं, पट्टी दिली, खडूचा आकडा दिला. माझं पूर्ण नाव दिलं. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "वडील आहेत म्हणून बोलताय का?" मी म्हटलं, "वडील आहेत म्हणून गप्प होते." त्यानं ते लिहून घेतलं नाही.

निकाल दोन ओळींचा. हिंदीत होता, अर्थ सांगते. बाब तांत्रिक स्वरूपाची असल्यानं पुढील कारवाई नाही. नोटीस नोंदीवर राहील.

कारवाई नाही आणि नोटीस राहील. दोन्ही एकाच कागदावर. म्हणजे माणूस निर्दोष आणि डाग कायम.

माझ्या शेऱ्यात लिहिलं, "वर्तणूक असमाधानकारक." नोकरी गेली. आता मी गोविंदपुऱ्यात एका साचे बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. बाबा मार्चमध्ये निवृत्त झाले. हार घातला, घड्याळ दिलं, भाषण झालं. भाषण साहेबांनीच केलं. विभागाच्या नव्या रिपोर्टात पत्रा मोकळा करायची पायरी आता आहे. माझं चित्र आहे. पट्टीची चाचणीसुद्धा आहे, "स्थानिक पडताळणी पद्धत" या नावानं. बाबांचं नाव कुठेच नाही. त्यांचं नाव फक्त नोटिशीवर आहे.

बाबा म्हणतात, "सोड. पत्रा तर बरोबर निघून राह्यला ना आता." त्यांना ते पुरतं. मला पुरत नाही. लोखंडाला न्याय मिळाला, माणसाला नाही.

कीव नको असं मी सुरुवातीला म्हटलं. मग काय हवं ते ऐका.

हे पत्रक तुमच्या हातात आहे म्हणजे तुम्ही टाउनशिपमध्ये राहता. कारखान्यात क्लार्क असाल, टेक्निशियन असाल, इंजिनियर असाल. दारावरची ती पाटी तुम्ही पाहिली आहे. त्या खोलीत बूट काढून गेला असाल, नाहीतर घालून. कुणाला पेपरावर उभं केलेलंही पाहिलं असेल. आणि माझ्यासारखे थोडेसे हसलाही असाल.

माझा गेट पास त्यांनी काढून घेतला. तुमचा तुमच्याजवळ आहे. येत्या सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्या दाराशी जा. पाटी उतरवा. आत जा, गालिच्यावर उभे राहा, आणि साहेबांकडे एकच कागद मागा: दौलत सुखदेव रामटेके यांची नोटीस मागे घेतल्याचा, सहीनिशी. तो मिळेपर्यंत हलू नका. मी आणि बाबा गेटबाहेर उभे असू.

बूट काढू नका.